वाफ, पाणी आणि स्वच्छतेचा हिशेब

आजचा विषय आहे वाफेच्या दाबानं होणारी सफाई. हॉटेलचे भटारखाने, गॅरेजमधल्या गाड्या, बाजाराचे गाळे, कारखान्यातली यंत्रं हे सगळं वाफेनं धुणारी यंत्रं आता आपल्याकडे मिळतात, आणि ती विकणारा पहिलं वाक्य उच्चारतो ते पाणी वाचतं असं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण ‘वाचतं’ या क्रियापदात आपल्याला रस आहे. एखादी गोष्ट वाचली, तर ती कुणासाठी वाचली, आणि तिच्या बदल्यात काय खर्च झालं, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

तर आज आपण तीन प्रश्न घेऊ. स्वच्छतेला भरपूर पाणी लागतं, ही समजूत आपल्याकडे रुजली कधी? वाफ पाणी वाचवते म्हणजे नेमकं काय करते? आणि त्या बचतीची किंमत कोण भरतं? इतिहासापासून सुरुवात करू आणि शेवटी आपल्या बोनकोड्याच्या नळाशी येऊन थांबू.

सुरुवातीला एका शब्दाकडे बघा. मराठीत ‘बंब’ दोन आहेत. एक न्हाणीघरातला तांब्याचा बंब, मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, सकाळच्या अंघोळीसाठी. दुसरा आगीचा बंब, घंटा वाजवत जाणारा, जोरानं पाणी मारणारा. शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, त्याचा अर्थ पंप. आपल्या भाषेनं मात्र त्या एका शब्दाखाली दोन कामं ठेवली, पाणी तापवणं आणि पाणी जोरात फेकणं. वाफेचं सफाईयंत्र म्हणजे हे दोन बंब एकत्र जोडलेले. गेल्या दीडशे वर्षांत आपण दुसऱ्या बंबावर फार विसंबलो आणि पहिल्याला न्हाणीघरात ठेवून दिलं, असं आमचं म्हणणं आहे.

आता जरा मागे जाऊ. नळ येण्यापूर्वी आपल्या गावांत सफाई कशी व्हायची? अंगण खराट्यानं झाडायचे. जमीन शेणानं सारवायची, त्याला बादलीभर कालवण पुरायचं आणि धुवणीचं पाणी वाहून जायचा प्रश्नच नव्हता. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची, मग पाण्याचा हात फिरवायचा. तेलकटपणा राख ओढून घ्यायची, कारण राखेत क्षार असतो आणि क्षारानं तेलाचा साबण होतो. हे कुणी रसायनशास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. पाणी डोक्यावरून आणायला लागत होतं, आणि ते आणणारी बाई होती, म्हणून पाणी शेवटी आणि थोडं वापरायचं ही रीत पडली. त्या काटकसरीचं कौतुक करताना तिच्या मानेवरचं ओझं विसरून चालणार नाही.

आणि वाफ? वाफही होती. परिटाची भट्टी आठवा. मळके कपडे सज्जीखाराच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून, मोठ्या भांड्याच्या तोंडावर त्यांची रास रचायची आणि खालून जाळ लावायचा. वाफ त्या राशीतून हळूहळू वर चढायची. तिनं मळ सैल व्हायचा, तेल सुटायचं. मग घाटावर आपटणं आणि विसळणं. विसळायला वाहतं पाणी लागायचंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मळ सोडवण्याचं अवघड काम वाफ आणि क्षार करत होते, आणि पाण्याकडे फक्त तो वाहून नेण्याचं काम होतं. ‘परीटघडी’ हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. त्या घडीच्या मागे भट्टी होती, आणि भट्टीच्या मागे एक जात होती, जिच्या हातची घडी चालायची पण हातचं पाणी चालेलच असं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या कोरड्या परंपरेचा मोठा माणूस म्हणजे गाडगेबाबा. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर. गावात शिरायचं, हातात खराटा घ्यायचा, दिवसा रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचं. डिसेंबर 1956 मध्ये ते गेले. महाराष्ट्र सरकारनं 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावानं. त्यांच्या सफाईत पाण्याला दुय्यम जागा होती. खराटा, घाम आणि लाज वाटेल असा प्रश्न, एवढीच सामग्री.

मग भरपूर पाणी म्हणजे स्वच्छता, हे समीकरण आलं कुठून? त्यासाठी खाडीपलीकडे जायला हवं, मुंबईत.

मुंबईला विहार तलावाचं पाणी नळानं मिळू लागलं 1860 मध्ये. तुळशीचं पाणी आलं 1879 मध्ये, आणि तानसाचं 1892 मध्ये. लांबून, डोंगरातून, नळावाटे पाणी येणं हा त्या पिढीला चमत्कार होता. पण बघा, शहरात पाणी आणण्याचा वेग आणि ते बाहेर काढण्याचा वेग यांत तफावत राहिली. गटारं अपुरी, चाळी दाट, जमिनीखाली ओल. तानसाचं पाणी आल्यावर चारच वर्षांनी, सप्टेंबर 1896 मध्ये, मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी प्लेगचं निदान केलं.

त्या वेळचं प्रचलित मत असं की रोग घाणीतून, कोंदट हवेतून, ओलसर जमिनीतून उठतो. मग उपाय काय? धुवा. रस्ते धुवा, गटारं धुवा, घरं धुवा. त्या काळातली छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत, त्यांत बंबासारखं यंत्र रस्त्यावर उभं आहे आणि रोग झालेल्या घरांवर नळीतून पाण्याचा झोत मारला जातोय. गटारांत समुद्राचं पाणी सोडलं गेलं. कार्बोलिक आम्ल शिंपडलं, भिंतींना चुना फासला, ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पुढे पुण्यात काय झालं, रँडचा आणि चापेकरांचा इतिहास, तो आपल्याला ठाऊक आहे.

आता मुद्दा असा. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो असं प्रयोगानं दाखवलं. त्याचं लगेच कुणी ऐकलं नाही. 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगानं केलेल्या कामानं ते पक्कं झालं. मग मागे वळून बघताना अभ्यासकांच्या लक्षात आलं की गटारांत आणि घरांत पाण्याचे लोंढे सोडले तेव्हा उंदीर हलले, शेजारच्या घरांत गेले, आणि आपल्याबरोबर पिसवाही घेऊन गेले. म्हणजे पाण्याच्या झोतानं डोळ्यांना दिसणारी घाण गेली आणि न दिसणारा रोग मात्र जागा बदलून राहिला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ‘धुतलं’ आणि ‘स्वच्छ झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरी, घाण नाहीशी होत नाही, ती कुठेतरी जाते. ती कुठे गेली हे विचारणं हा स्वच्छतेच्या विचारातला अर्धा भाग आहे. पण शहराच्या मनावर ठसलं ते चित्र वेगळंच, नळीतून सुटणारा जोराचा झोत आणि ओला चकचकीत रस्ता. आजही दुकानदार सकाळी पायरीवर पाणी मारतो तेव्हा धूळ फक्त रस्त्यावर सरकते, पण त्याला बरं वाटतं.

बरं वाटण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे आहे, आणि ते जुनं आहे. आपण ‘स्वच्छ’ आणि ‘शुद्ध’ यांत घोळ घालतो. स्वच्छ ही वस्तूची अवस्था आहे, ती तपासता येते. शुद्ध हा दर्जा आहे, तो कुणीतरी बहाल करतो. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली ती शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांची 108 मडकी तळ्यात ओतून. माणसानं ओंजळभर पाणी प्यायल्यानं तळं अस्वच्छ होत नाही, आणि शेण ओतल्यानं ते स्वच्छ होत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तिथे प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच. म्हणून आपण सफाईबद्दल बोलताना शुद्धीचा शब्द बाजूला ठेवला पाहिजे. तो ठेवला की मग पाणी हे एक साधन उरतं, मोजता येणारं, बदलता येणारं.

आता यंत्राकडे येऊ.

बाष्पयंत्राचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. डेनी पापँचं 1679 चं झाकणबंद भांडं, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा पणजोबा, तिथपासून आपल्या शेजारच्या ठाण्यापर्यंत 16 एप्रिल 1853 रोजी आलेल्या आगगाडीपर्यंत. पण वाफेनं धुण्याचं फिरतं यंत्र फार उशिरा आलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्रँक ओफेल्ट या माणसानं 1926 च्या सुमारास ते बनवलं. असं सांगतात की तो दुसऱ्याच कामासाठी वाफ तयार करत होता आणि वाफेचा झोत जमिनीवर पडला तिथला ग्रीसचा डाग निघून गेलेला त्याला दिसला. जर्मनीत अल्फ्रेड कार्चर यांनी 1950 मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाईयंत्र आणलं, युरोपातलं त्या प्रकारचं पहिलं. मोटारी, विमानं, कारखाने वाढले तसं ग्रीस वाढलं, आणि ग्रीस थंड पाण्याला दाद देत नाही.

इथे तीन यंत्रांत फरक करायला हवा, कारण विक्रेते बऱ्याचदा तो करत नाहीत. पहिलं थंड पाण्याचं दाबयंत्र, ते वातावरणाच्या शंभर-दीडशे पट दाबानं पाणी मारतं, मिनिटाला साधारण 8 ते 15 लिटर. दुसरं तेच, पण गरम पाण्याचं. तिसरं वाफेचं. त्यात दाब त्या मानानं कमी, वातावरणाच्या आठ-नऊ पट, पण आतलं तापमान 175 अंशांच्या आसपास, आणि पाणी मिनिटाला एखाद-दुसरा लिटर. पहिलं यंत्र मळाला धक्का मारून काढतं. तिसरं मळाची पकड सोडवतं, पण मग तो कापडानं पुसून घ्यावा लागतो. वाफेनं सफाई करणाऱ्याच्या एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात फडकं असतं, हे विसरू नका.

1959 मध्ये हेर्बर्ट सिन्नर या जर्मन रसायनतज्ज्ञानं धुण्याचं एक साधं वर्तुळ मांडलं. कोणत्याही धुण्यात चार गोष्टी असतात, रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली की बाकीच्यांतली एखादी वाढवावी लागते. साबण कमी तर जास्त घासा, घासायचं नसेल तर जास्त वेळ भिजवा, नाहीतर तापवा. आता आपल्या आजीचं भांडं बघा, रसायन म्हणजे राख, घासणं म्हणजे शेंडी. परिटाची भट्टी बघा, रसायन म्हणजे खार, उष्णता म्हणजे वाफ, आणि भरपूर वेळ. पाणी या सगळ्यांचं माध्यम आहे, वाहक आहे. वाफेचं यंत्र उष्णता वाढवतं आणि बाकीचं घटवतं. जादू काही नाही, हिशेब आहे.

वाफेत एवढी ताकद येते कुठून? मोदकपात्राचं झाकण उघडताना बोटाला वाफ लागली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त चटका बसतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कारण एक लिटर पाणी 30 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 70 किलोकॅलरी लागतात, आणि त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 540. वाफ थंड पृष्ठभागावर टेकली की ती 540 ची शिदोरी तिथेच सोडते आणि परत पाणी होते. ग्रीस वितळतं, चिकटा सैल होतो, जंतू मरतात. मात्र वाफ नळीच्या तोंडापासून थोडी लांब गेली की लगेच निवते, म्हणून ती जवळून आणि सावकाश मारावी लागते. घाईनं फिरवली तर नुसतं दमट होतं.

आता हाच आकडा उलट्या बाजूनं वाचा. गाडी धुताना साधी नळी मिनिटाला 12 लिटर पाणी सोडत असेल आणि साडेबारा मिनिटं चालू राहिली, तर 150 लिटर गेले. वाफेवर तीच गाडी 5 लिटरमध्ये झाली असं धरू. 145 लिटर वाचले. आपल्याकडे शहरात दर माणशी दररोज 135 लिटर हे पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं जातं, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं पाणी वाचलं. उत्तम. पण त्या 5 लिटरची वाफ करायला 610 गुणिले 5, म्हणजे सुमारे 3000 किलोकॅलरी उष्णता लागली. यंत्राची गळती धरली तर स्वयंपाकाच्या गॅसच्या हिशेबात तिसरा हिस्सा किलोपेक्षा थोडा जास्त गॅस जळला. आणि दुसरीकडे, 150 लिटर पाणी पंपानं 100 मीटर उंच चढवायला 100 किलोकॅलरीसुद्धा लागत नाहीत. शुद्धीकरणाचा आणि सांडपाण्याचा खर्च धरला तरी ऊर्जेच्या बाजूला वाफ कितीतरी महाग पडते.

म्हणजे वाफ पाणी वाचवते हे खरं, आणि ती इंधन खाते हेही तितकंच खरं. पाणी आणि इंधन यांची ही अदलाबदल आहे. ती कुठे करावी आणि कुठे करू नये, हा शहाणपणाचा प्रश्न आहे, आणि तो यंत्रावर सोडता येत नाही.

अदलाबदल योग्य कुठे, याचं एक उदाहरण महाराष्ट्रानं 2016 मध्ये पाहिलं. लातूर शहराचं पाणी संपलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावायची वेळ आली. मग रेल्वेनं मिरजेहून पाणी न्यायचं ठरलं. पाणी कशातून न्यायचं? तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणींतून. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात नेऊन आतून वाफेनं धुतल्या, आणि 12 एप्रिल 2016 रोजी पहिली ‘जलदूत’ गाडी 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. पुढे 50-50 वाघिणींच्या गाड्या आल्या. वाघिणीच्या आतल्या पत्र्याला धरून बसलेलं तेल थंड पाण्याच्या लोंढ्यानं सुटत नाही, आणि साबण-रसायनानं धुतलं तर त्याचा अंश पिण्याच्या पाण्यात उतरण्याची भीती. वाफ तिथे योग्य होती. त्या गाडीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली, हार घातलेलं इंजिन पाहिलं. कोट्यात त्या टाक्या धुणाऱ्यांचं छायाचित्र आपल्यापैकी कुणाच्या डोळ्यांसमोर आहे?

आता घरी येऊ, बोनकोड्याला.

हा सगळा पट्टा आगरी-कोळ्यांचा. खाडी, खाजण, भातशेती, मिठागरं. पाण्याशी या लोकांचं नातं काय सांगावं, पण ते खाऱ्या पाण्याशी. गोडं पाणी विहिरीत आणि तळ्यात, मोजकं. 1960 च्या दशकापासून ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले, 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली, गावांभोवती सेक्टर उभे राहिले, आणि 1992 मध्ये नवी मुंबई महानगरपालिका आली. आज बोनकोडे गावठाणाच्या चारी बाजूंना कोपरखैरणे आहे. नळाचं पाणी येतं ते मोरबे धरणातून, खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या. धरण महापालिकेच्या मालकीचं आहे, क्षमता दिवसाला 450 दशलक्ष लिटर, आणि देशात फार थोड्या महापालिकांना हे भाग्य आहे. पण त्या धरणासाठी रायगड जिल्ह्यातल्या माणसांनी गावं सोडली. आपण पायरीवर मारतो ते पाणी कुणाच्या तरी शेतावरून आलेलं आहे, एवढं लक्षात असावं.

आता या परिसरात रोज काय काय धुतलं जातं? वाशीचा घाऊक बाजार घ्या, 1980 आणि 90 च्या दशकांत मुंबईतून टप्प्याटप्प्यानं इथे आलेला. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य. सडका पाला आणि चिखल. महाप्याचे कारखाने आणि कार्यालयं, शिळफाट्याकडे जाणारे ट्रक, गॅरेजं, शेकडो हॉटेलांचे भटारखाने. या सगळ्याला एकच उपाय असू शकत नाही.

भटारखान्याच्या धुराड्याची जाळी घ्या. तिच्यावर महिन्यांचं तेल साचून काळा थर झालेला असतो. तिथे वाफ योग्य. गार पाण्यानं तो निघत नाही, तीव्र रसायनानं निघतो पण ते रसायन गटारात जातं आणि लावणाऱ्याचे हात सोलवटतं. मटण-मासळीचे ओटे, दवाखान्यातल्या गाद्या-खाटा, यंत्राचे ग्रीस लागलेले भाग, इथेही वाफेला जागा आहे. पण भाजीबाजाराचा पाला? तिथे आधी खराटा आणि फावडं, मग ओल्या कचऱ्याचं खत, आणि उरलेल्या चिकट जागेपुरतं पाणी. पाल्यावर वाफ मारणं म्हणजे गॅस जाळून भाजी शिजवणं. आणि धुळीची गाडी? बादली आणि दोन फडकी. दहा-पंधरा लिटरमध्ये काम होतं, ना गॅस ना यंत्र.

चौथा मार्ग तर आपल्या शेजारीच आहे. कोपरखैरणे आणि ऐरोली इथे महापालिकेनं सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारले आहेत, प्रत्येकी दिवसाला 20 दशलक्ष लिटर क्षमतेचे, मुख्यतः औद्योगिक पट्ट्याला पाणी देण्यासाठी. रस्ते धुवायला, ट्रकची चाकं धुवायला, बागांना हे पाणी चालतं. पाणी वाचवणं म्हणजे दर वेळी पाणी कमी वापरणं असं नाही. एकदा वापरलेलं पुन्हा वापरलं तरी धरणातलं तेवढं वाचतंच. मग पिण्याचं पाणी पायरीवर कशाला मारायचं?

शेवटचा प्रश्न राहिला, किंमत कोण भरतं. इंधनाची किंमत मालक भरतो आणि बिलात लावतो. पण आणखी एक किंमत आहे. नळी कुणाच्या हातात असते? कंत्राटी कामगाराच्या. 175 अंशांची वाफ, ओली फरशी, हातात बऱ्याचदा साधे रबरी मोजे, पायात चप्पल. आपल्याकडे बाष्पकांचा कायदा जुना आहे. कलकत्त्यात 1863 मध्ये बॉयलर फुटून माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. देशभरासाठी 1923 चा कायदा होता, त्याच्या जागी आता 2025 चा आला. पण 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं या कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. सफाईची अनेक छोटी यंत्रं त्या मापाखालीच बसतात. म्हणजे नोंदणी नाही, निरीक्षक नाही. यंत्र चांगलं असेल तर त्यात सुरक्षा झडप असेलच, पण ती चालू आहे का, हे बघायचं कायद्यानं कुणावर बंधन नाही. ते बंधन मग काम देणाऱ्यानं स्वतःवर घालून घ्यावं लागतं.

आणि इथे तो परीट परत आठवा. इतिहासात आपण सफाईची साधनं पुष्कळदा बदलली, राख गेली, साबण आला, खराटा गेला, झोत आला, आता वाफ आली. साधन धरणारा हात मात्र फार वेळा त्याच घरांतून आला. हातानं मैला साफ करण्याला बंदी घालणारा 2013 चा कायदा झाल्यावरही गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. यंत्र आलं की माणूस सुटतो, असं आपोआप घडत नाही. ते घडवावं लागतं. यंत्राबरोबर जाड मोजे, बूट, चष्मा, शिकवणी आणि नीट मजुरी आली, तर वाफ खरोखर मुक्तीचं साधन होऊ शकते, कारण तिच्यामुळे कामगाराला तीव्र आम्लात हात घालावा लागत नाही आणि घाणीवर वाकून तासन् तास घासावं लागत नाही. हे सगळं न येता नुसतं यंत्र आलं, तर वाचलेल्या पाण्याचा हिशेब पत्रकात छापला जातो आणि भाजलेल्या हाताचा कुठेच लिहिला जात नाही.

म्हणून मंडळी, तुमच्या सोसायटीत, तुमच्या हॉटेलात, तुमच्या बाजार समितीत कुणी वाफेचं यंत्र घेऊन आलं, तर त्याला हाकलू नका आणि लगेच हारही घालू नका. चार प्रश्न विचारा. इथे खरंच तेलकट, चिकट मळ आहे का, की खराट्यानं भागेल? तासाला किती लिटर पाणी आणि किती किलो गॅस किंवा किती युनिट वीज? सुटलेली घाण पुसून कुठे जाणार, गटारात की कचऱ्यात? आणि नळी धरणाऱ्याला काय शिकवलंय आणि काय घालायला दिलंय?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं विक्रेता देईल. चौथ्याचं उत्तर त्याच्याकडून येईलच असं नाही, ते आपल्यालाच द्यायचं आहे, कारण कंत्राटावर सही आपली असते.